हवा, उजेड आणि स्वतःची जागा

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटचा नकाशा एक गोष्ट धरून चाललेला असतो: सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरातली निम्मीअधिक माणसं बाहेर असणार. मुलं शाळेत, कमावती माणसं लोकलमध्ये नाहीतर ऑफिसात, आजोबा कट्ट्यावर, आजी भजनाला. साडेचारशे चौरस फुटांत पाच माणसांचं भागतं ते या ये-जा करण्यावर. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला आणि ही ये-जाच थांबली. सगळी माणसं एकाच वेळी, दिवसरात्र, महिनोन्महिने घरात. हॉलमध्ये एक मीटिंग, बेडरूममध्ये दुसरी, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि डायनिंग टेबलावर चौथीची शाळा. आपलं घर नेमकं कुठे कमी पडतं, हे घरातल्या प्रत्येकाला तेव्हा कळलं. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये ते दिसलं नव्हतं, गृहप्रवेशाच्या दिवशीही दिसलं नव्हतं.

त्यानंतर घरांच्या आत जे बदल झाले, ते या पुस्तकाचा विषय आहेत. ‘करोनाने घरांचं इंटिरिअर बदललं’ हे आता सर्रास बोललं जातं आणि पाठोपाठ यादी येते: घरातलं ऑफिस, दाराशी बेसिन, बाल्कनीतल्या कुंड्या, जंतुरोधक सनमायका. यादी खरी आहे, पण तिच्यातलं बरंच काही दोन-तीन वर्षांत मागे पडलं. आणि जे टिकलं ते का टिकलं, याचं उत्तर यादीत सापडत नाही. माझं म्हणणं थोडक्यात मांडते. टिकले ते तीन प्रकारचे बदल. हवेचे, उजेडाचे, आणि घरातल्या प्रत्येकाला दार लोटून थोडा वेळ बसता येईल अशा जागेचे. बाकीचं हंगामी होतं. आणि हे तिन्ही प्रश्न महासाथीच्या कितीतरी आधीचे आहेत.

साथीने घर बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि बघता बघता शहरभर पसरला. पुण्यात आणि गावोगावी लोक घरं सोडून वेशीबाहेर झोपड्या घालून राहिले. दाटीच्या, कोंदट, अंधाऱ्या खोल्या रोग वाढवतात, असा निष्कर्ष सरकारने काढला आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि पुढे दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या. आजची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याचीच फळं. या कामात एक नियम होता साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी कोन ६३.५ अंशांपेक्षा जास्त नसावा. सोप्या हिशेबात, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. एवढं पाळलं तर तळमजल्यालाही आकाशाचा उजेड मिळतो. दादरच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो, त्यामागे प्लेगने शिकवलेला हा कोन आहे.

युरोपात हेच काम क्षयाने केलं. औषध नव्हतं तेव्हा ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती हाच इलाज. फिनलंडमधलं पैमिओचं क्षयरुग्णालय १९३३ मध्ये पुरं झालं. वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांनी तिथल्या खोल्या आडव्या पडलेल्या रुग्णाच्या नजरेने आखल्या. दिवा डोळ्यांत खुपू नये, बेसिनमधल्या पाण्याचा आवाज शेजारच्या रुग्णाला होऊ नये, इथवर विचार केला. पॅरिसजवळच्या ‘व्हिला साव्हॉय’मध्ये ल कॉर्बुझिए यांनी दारातून आत येताच हात धुवायचं बेसिन ठेवलं होतं. पांढऱ्या भिंती, मोठ्या खिडक्या, धूळ न साठवणारं सुटसुटीत फर्निचर हे आज आपण ज्याला आधुनिक म्हणतो ते रूप घडायला रोगाची भीतीही कारणीभूत आहे.

मग प्लेगने शिकवलेलं आपण विसरलो कसं? थोडं थोडं करून. दोन पल्ल्यांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी आली. ती दिसते ऐसपैस, पण एका वेळी निम्म्याहून जास्त उघडत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवेच्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश खिडकी मागितली आहे, पण माप चौकटीसकट धरलं जातं. कागदावर नियम पाळलेला असतो आणि खोलीला मिळतो त्याच्या निम्मा वारा. मग एसी आला, आणि एसीसाठी ती निम्मी खिडकीही बंद झाली. फॉल्स सीलिंगने खोलीची उंची खाल्ली, दारावरचा व्हेंटिलेटर काचेने बुजला. बाल्कनीची कथा तर मुंबईकरांना तोंडपाठ आहे. पूर्वी ती चटईक्षेत्रात धरली जात नसे, म्हणून बिल्डर देत आणि लोक ती बंद करून हॉलला जोडत. २०१२ मध्ये नियम बदलून बाल्कनी आणि फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात मोजायला सुरुवात झाली, तेव्हा बऱ्याच नव्या इमारतींतून बाल्कनीच गायब झाली. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी थाळ्या वाजवायला लोक खिडक्यांशी आले, तेव्हा अनेकांना गजांतूनच हात बाहेर काढावे लागले.

साथीच्या पहिल्या महिन्यांत आपण सगळे पृष्ठभागांच्या मागे होतो. दुधाच्या पिशव्या धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, दाराच्या कड्या पुसल्या. हवेचं महत्त्व लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांच्या ‘इशरे’ या संस्थेने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं, की एसी २४ ते ३० अंशांवर ठेवा आणि खिडकी थोडी उघडी राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये बंद जागांतल्या वायुवीजनाची मार्गदर्शिका काढली. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने स्पष्ट केलं, की मोठे तुषार दोन मीटरच्या आत खाली बसतात, पण सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. तेव्हा खिडक्या-दारं उघडा, एक्झॉस्ट पंखे लावा. घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णाला वेगळी, हवेशीर खोली द्या, असंही सरकारी सूचनांत होतं. वन बीएचकेत राहणाऱ्या कुटुंबाने ही सूचना वाचली आणि घराकडे पाहिलं. बेडरूम एक, संडास एक, आणि तिथे जायची वाट सगळ्यांसाठी तीच.

खिडकी उघडा, हे सांगणं सोपं. पण खिडक्या बंद राहतात त्या आळसामुळे नव्हे. डास, धूळ, रस्त्याचा गोंगाट, कबुतरं आणि समोरच्या घरातली नजर ही खरी कारणं. म्हणून महासाथीनंतरचा सगळ्यात कामाचा बदल मला विचाराल तर मी डासांच्या जाळीचं नाव घेईन. पूर्वी वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवलेली जाळी वर्षभरात फाटायची, मग खिडकी कायमची लागायची. आता घड्या पडणारी, बाजूला सरकणारी जाळी लोक आवर्जून बसवतात आणि संध्याकाळी सहानंतरही खिडकी उघडी राहते. तसंच मुख्य दाराबाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर. पूर्वी ते चोराच्या भीतीने लावलेलं असे. आता आतलं लाकडी दार उघडं टाकून जिन्यातला वारा घरात खेळवता येतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तर आरपार हवा फिरते. एक जाळी आणि एक दार यांनी जे साधतं, ते हजारो रुपयांच्या वॉलपेपरने साधत नाही. मासिकांच्या चकचकीत फोटोंत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून इथे त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

उंबरठ्याशी झालेले बदल पाहून पुष्कळांना जुनं घर आठवलं. वाड्याच्या दिंडीतून आत आलं की चौक, पाय धुवायला पाणी, मग ओसरी, मग माजघर. कोकणात खळं, पडवी, ओटी. गोव्यात दारापुढचा बलकांव. बाहेरून आलेला माणूस एकदम घराच्या पोटात शिरत नसे. फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट सोफा लागतो. म्हणून दाराशी चपलांचं कपाट, टेकायला लहानसं बाकडं, पिशव्या ठेवायला फळी आणि जवळपास कुठे नळ, अशी साडेतीन-चार फुटांची जागा राखणं हा चांगला बदल आहे आणि तो टिकलाही आहे. पण जुन्या घराचं गुणगान करताना एक गोष्ट दडवायची नाही. त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रचनेत कोणाला कुठवर येऊ द्यायचं, याचे जातीचे नियमही कोरलेले होते. ‘बाजूला बसलेली’ बाई आणि विटाळाच्या नावाखाली लांब ठेवलेला माणूस याच घराने पाहिला. आणि लॉकडाउन उठल्यावर कित्येक सोसायट्यांनी घरकामाच्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट, वेगळी नोंद, वेगळे नियम केले, रहिवाशांना मात्र ते लागू नव्हते. पाय धुवायची जागा परत आणू या. माणूस दूर ठेवायची रीत नको.

आता स्वतःच्या जागेबद्दल. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एका घरात दोन खोल्या असतील तर दुसरी साडेसात चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फुटांची असली तरी चालते. ती किमान मर्यादा. पण लहान फ्लॅटमध्ये बिल्डर तिच्याच आसपास थांबतो. पाच बाय साडेसहाचा पलंग बत्तीस-तेहतीस चौरस फूट घेतो, सहा फुटांचं कपाट बारा. उरलेल्यात दार उघडायचं, चालायचं, कपाटाचे पल्ले उघडायचे. टेबल ठेवायला जागा नाही, कारण या खोलीत कोणी काम करेल हे नकाशा काढणाऱ्याच्या मनातच नव्हतं.

डोंबिवलीतलं एक घर सांगते. नवरा खाजगी कंपनीत, बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका, दोन मुलं. नवऱ्याला हॉलमधला कोपरा आपसूक मिळाला. मुलं डायनिंग टेबलावर. बाईंचा वर्ग ओट्याशी भरायचा, डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून. घराचं काम काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘टेबल कसंही चालेल, मला दार हवंय.’ बेडरूममधला पलंग भिंतीला सरकवला. सहा फुटांच्या कपाटातला अडीच फुटांचा भाग रिकामा केला, तिथले कपडे वरच्या माळ्यावर गेले. त्या भागात जमिनीपासून एकोणतीस इंचांवर अठरा एमएम प्लायची फळी बसवली, मागे दोन प्लग पॉइंट घेतले, बाजूच्या फळीला उभी दिव्याची पट्टी लावली, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो आणि मुलांना बाई दिसतात. खुर्ची घडीची. रात्री पल्ला लावला की ते पुन्हा कपाट. सुताराला हे दोन दिवसांचं काम. शाळा उघडल्या, बाई शाळेत जाऊ लागल्या, पण फळी निघाली नाही. त्या तिथे वह्या तपासतात, मोठा मुलगा दहावीचा अभ्यास करतो. घरातल्या ऑफिसचे देखणे फोटो बरेच छापले गेले. माझ्या लेखी या काळातली खरी घडामोड या अडीच फुटांत आहे.

जागा कोणाला मिळते, हा प्रश्न स्वयंपाकघरात सर्वांत टोकदार होतो. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७. हे साथीच्या आधीचं. लॉकडाउनमध्ये मावशी येणं थांबलं, घरची सगळी माणसं तिन्ही त्रिकाळ घरात जेवू लागली, तेव्हा ओट्यापाशी उभं राहणं म्हणजे काय, हे अनेक पुरुषांना पहिल्यांदा समजलं. त्यातून डिशवॉशर आला, खोल सिंक आलं, बाहेरच्या ड्राय बाल्कनीत भांडी घासायची सोय झाली, धान्याचे डबे ठेवायला उंच कपाटं झाली. हॉलला खुलं केलेलं स्वयंपाकघर मिक्सरच्या आवाजाने आणि फोडणीच्या ठसक्याने अडचणीचं ठरलं; मधे काचेचं सरकतं दार लागलं, हवं तेव्हा बंद, हवं तेव्हा उघडं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो ओट्याच्या उंचीचा बदल. दोन वेगवेगळ्या उंचीची माणसं स्वयंपाक करत असतील तर ओट्याचा एक भाग दोन-तीन इंच उंच ठेवायची मागणी आता येते. घरकामाची वाटणी बदलल्याची ही दगडात घातलेली कबुली आहे. ती अजून थोड्याच घरांत दिसते, हेही खरं.

बाजाराने या काळात आपले हात धुऊन घेतले. महाराष्ट्र सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात सवलत दिली. मुंबईत पाच टक्क्यांचं शुल्क डिसेंबरअखेर दोन टक्के, पुढे मार्चपर्यंत तीन. घर घ्यायचं घोळवत बसलेल्या अनेकांनी ते तेव्हाच घेऊन टाकलं. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं दुकान उघडलं. घरी आणून जोडायचं फर्निचर लोकांच्या ओळखीचं होऊ लागलं. गावी परतलेले सुतार, रंगारी, पीओपीवाले हळूहळू शहरांत आले आणि थांबलेली कामं पुन्हा सुरू झाली. त्याच वेळी जंतू मारणारा रंग, जंतू मारणारी सनमायका, अतिनील किरणांच्या पेट्या यांचा महापूर आला. रोग पसरतो तो मुख्यतः श्वासातल्या हवेतून. त्यावर कपाटाचा पृष्ठभाग फार काही करू शकत नाही. ज्या पैशांत दोन खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या झाल्या असत्या, ते पैसे असल्या पृष्ठभागांवर गेले. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणं आमच्या व्यवसायाचं कर्तव्य आहे, असं मी मानते.

आणि ज्यांना काहीच बदलता आलं नाही, त्यांचं काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशातली ३७.१ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती आणि ३.९ टक्क्यांकडे स्वतंत्र अशी एक खोलीही नव्हती. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी गेल्या शतकाच्या विशीत बांधल्या गेल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. ‘घरी राहा, अंतर ठेवा’ हे सांगणं तिथे अर्थहीन होतं. अखेर शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडासंकुलं यांत विलगीकरणाची सोय करावी लागली. घरात नसलेली खोली महापालिकेने शाळेत उभी केली. या घरांतही अंतर्रचना असते आणि ती फार हुशारीची असते: पोटमाळा, मोरीपुढचा पडदा, पलंगाखालच्या ट्रंका, दाराबाहेरच्या कठड्यावरची मांडणी. त्या हुशारीला मी मानते. पण हुशारीवर भागवायला लावणं हे धोरण होऊ शकत नाही.

उत्तरं आपल्याकडे नाहीत, असंही नाही. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या ‘कांचनजंगा’ इमारतीत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या, त्या पैसेवाल्यांसाठी. पण बेलापूरच्या वसाहतीत त्यांनीच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही लहान लहान भूखंड घेऊन सात-सात घरं एका अंगणाभोवती मांडली. आपल्या हवेत आकाशाखालची मोकळी जागा ही घराची एक खोलीच आहे, ही त्यांची धारणा होती. लॉकडाउनमध्ये गच्चीला लावलेलं कुलूप उघडून घेण्यासाठी सोसायट्यांमध्ये जी भांडणं झाली, ती या एका खोलीसाठी होती.

पुस्तकाची मांडणी घरात शिरण्याच्या क्रमाने केली आहे: उंबरठा, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर-संडास, बाल्कनी आणि गच्ची. शेवटचं आणि सर्वांत मोठं प्रकरण एका खोलीच्या घराचं आहे. उदाहरणं मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथली आहेत, कारण तिथली घरं, तिथला पाऊस आणि तिथले सुतार मला ठाऊक आहेत. मापं फूट-इंचांत दिली आहेत, साइटवर तीच चालतात. घर दुरुस्तीला काढणारं कुटुंब, नव्याने व्यवसायात येणारे विद्यार्थी आणि सोसायटीच्या कमिटीवरची मंडळी, या तिघांना ते हाताशी असावं, असा प्रयत्न आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. भीती ओसरली, हे चांगलंच झालं. पण प्लेगची भीती ओसरल्यावर शहराच्या हाती निदान एक कोन उरला होता, कायद्यात लिहिलेला. आपल्या हाती काय उरलं? महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये, साथ चालू असतानाच आली. तिच्यात आणि संहितेत दुरुस्त्या पुढेही होत राहतील. खिडकीचं माप प्रत्यक्ष उघडणाऱ्या भागावर मोजावं, वस्तीच्या प्रत्येक खोलीला आरपार वारा मिळावा, बाल्कनी ही बिल्डरची मेहेरबानी न राहता घराचा भाग व्हावी, आणि किमान खोलीच्या मापात पलंगाबरोबर एका टेबलाचीही जागा धरावी, या चार मागण्या नागरिकांनी आणि व्यावसायिकांनी मिळून लावून धरल्या पाहिजेत. कायदा होईपर्यंत आपल्या घरापुरतं करता येण्यासारखं पुष्कळ आहे. सुतार बोलावण्याआधी, प्लायचा भाव विचारण्याआधी, घरातल्या प्रत्येकाला विचारा, की दिवसातून तासभर दार लोटून बसायला तुला कुठे जागा आहे. ज्याच्याकडे उत्तर नसेल, त्याच्यापासून कामाला सुरुवात करा.